कुबडवाली परत आली

मंडळाच्या गणपतीत नवी ओळख झाली की पाच मिनिटांत प्रश्न येतोच, "काकू, तुम्ही काय करता?" बाकीच्या बायका बँकेत, शाळेत, फार्मा कंपनीत. मी सांगते, "बंदुका दुरुस्त करत होते. आता रिटायर झाले." समोरचा माणूस आधी हसतो, मग माझा चेहरा बघतो, आणि मग त्याला एकदम आठवतं की बटाटेवडे गरम आहेत तोवर घ्यायला हवेत. चोवीस वर्षं हे असंच चाललंय. म्हणून म्हटलं, मंडळाच्या यंदाच्या अंकात एकदा सगळं लिहूनच टाकावं, म्हणजे पुढच्या गणपतीत वडे तरी निवांत खाता येतील.

आधीच सांगते. बातम्यांमध्ये दिसतात त्या बंदुकांशी माझा संबंध नाही. माझ्या टेबलावर यायच्या त्या शिकारीच्या, त्यातही मुख्यतः शॉटगन. शॉटगनच्या काडतुसात एक गोळी नसते, ज्वारीच्या दाण्याएवढे पुष्कळ छर्रे असतात. उडत्या पक्ष्यावर गोळी मारून काही लागत नाही, छर्ऱ्यांचा फवारा लागतो. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात आमच्या आजूबाजूला असं घर शोधून सापडायचं नाही, की जिथे दाराच्या कोपऱ्यात आजोबांची एक शॉटगन उभी नाही. हरणाचा सीझन सुरू झाला की इथल्या शाळांना सुट्टी असते, आपल्याकडे दिवाळीला असते तशी.

मी यात आले कशी, हा दुसरा प्रश्न. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवायचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. लग्न होऊन नवऱ्याबरोबर इथल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आले. सुधीर पीएचडीला आणि मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे घरात. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या एका दुकानाच्या दारावर पाटी दिसली, कानस चालवता येणारा माणूस पाहिजे. दुकान शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं. मालक डग, सहा फूट उंच, बोलायला आळशी. त्याने एक ओबडधोबड सुटा भाग, एक मोडका भाग आणि एक कानस माझ्यापुढे ठेवली आणि तो कॉफी प्यायला गेला. तासाभरात मी तो भाग घासून बंदुकीत चपखल बसवून दिला. डगने तो दोनदा मागेपुढे सरकवून पाहिला आणि विचारलं, सोमवारी किती वाजता येशील? बंदुकीतलं मला तोवर ओ की ठो कळत नव्हतं. ते आधीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने सहा महिन्यांत शिकवलं. कानस धरणारा हात मात्र वडिलांचा होता.

या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. दहा बंदुका "बिघडल्या" म्हणून आल्या, तर त्यातल्या सहांना काहीही झालेलं नसतं. नेम चुकतो आणि दोष बंदुकीला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी डगला इंग्रजीत समजावून सांगितली होती आणि त्याला ती इतकी आवडली, की तो गिऱ्हाईक बाहेर पडलं की माझ्याकडे बघून नुसतं "अंगण?" म्हणायचा. तपासून झालेल्या प्रत्येक बंदुकीला मी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचे. त्यावर काय केलं ते, आणि काही केलं नसेल तर "तपासली, दोष नाही." खाली माझी सही. शैलाची सही असली की लोक पुन्हा विचारत नसत. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आता कुबडवालीकडे येते.

ही एक जुनी शॉटगन. शंभर वर्षांहून जास्त काळ लोकांच्या हातात आहे. एकदा भरली की चाप ओढाल तेवढ्यांदा एकेक बार उडतो, मधे हाताने काही करावं लागत नाही. या जातीतली नीट चालणारी अशी ही पहिलीच. हिची पाठ सरळ वर जाते आणि एकदम खाली उतरते, म्हणून शिकारी तिला कुबडवाली म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी ठोकून वाकडी केली आहे. मग खांद्याला लावली आणि कळलं. त्या कुबडावरून नजर नळीच्या टोकापर्यंत रुळासारखी सरळ जाते. उगीच ठेवलेलं कुबड नाही ते.

जुन्या कुबडवालीत बार उडाला की अख्खी नळीच मागे सरकते आणि परत पुढे येते. म्हणून खांद्याला एकाऐवजी दोन धक्के बसतात. नळीच्या खाली ब्रेकसारखी एक कडी असते, हलक्या काडतुसाला ती एका तऱ्हेने बसवायची आणि जड काडतुसाला दुसऱ्या. ती उलटी बसवून लाकूड फोडून आणलेले किती आजोबा मी पाहिले असतील, त्याला गणती नाही. वर तोंड करून सांगायचे, ही आपोआपच तडकली हो.

मधे बरीच वर्षं ही बंदूक बनणं बंद होतं. मग कंपनीने ती नव्याने काढली. रूप तेच, कुबड तेच, आतलं सगळं वेगळं. नळी आता जागची हलत नाही. आत एक जड बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, आणि एक स्प्रिंग. बंदूक मागे ढकलली जाते तेव्हा बोल्ट आपल्या जडपणाने जागीच राहू पाहतो, त्यात स्प्रिंग दबते, आणि तीच स्प्रिंग पुढचं सगळं काम करते. कड्या नाहीत, उलटंसुलटं बसवायला काही नाही. पहिली पेटी आली तेव्हा मी ती टेबलावर उघडली आणि अर्धा तास नुसती बघत बसले. ज्याने कुणी हे आखलं त्याला अक्कल होती. जुन्या बाईचा चेहरा ठेवला आणि गुडघे नवे बसवले. लेथवाल्याची मुलगी म्हणून सांगते, इतके थोडे भाग आणि इतकं चोख काम मी क्वचितच पाहिलं.

शिकाऱ्यांचं मात्र एकमत होईल तर शपथ. शनिवारी सकाळी आमच्या काउंटरपाशी कॉफी प्यायला पाचसात जण जमायचे, आणि त्या वर्षी दुसरा विषयच नव्हता. गुरांची डॉक्टर असलेली एक बाई होती, दिवसभर डोंगर चढून रानकोंबड्यांच्या मागे जाणारी. ती म्हणाली, जुनीपेक्षा जवळजवळ किलोभर हलकी आहे, संध्याकाळी माझे हात शाबूत असतात, मला आणखी काय हवं? बदकं मारणारे दोघे भाऊ होते. त्यांनी ती चिखलात पाडली, बागेच्या नळीने धुतली आणि दुसऱ्या दिवशी परत वापरली. त्यांचं म्हणणं, पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला बंदी आहे, पोलादी छर्ऱ्यांनी जुन्या नळ्या खराब होतात, मग आजोबांची बंदूक पुजायची की शिकार करायची? विरोधी पक्षही होता. हलकी आहे म्हणून लाथ जास्त मारते. फार चकचकीत आहे. अगदी हलकं काडतूस घातलं तर सुरुवातीला अडखळते. यातलं थोडंथोडं सगळंच खरं होतं.

सगळ्यात कडवा होता रॉय, रिटायर्ड पोस्टमन. घरात तीन जुन्या कुबडवाल्या. तो म्हणायचा, ही नवी म्हणजे बापाचा कोट घालून मिरवणारं पोरगं. असं म्हणायचा आणि दर शनिवारी जाताना मांडणीवरून ती उचलून एकदा खांद्याला लावायचा, परत ठेवायचा. एका मंगळवारी, दुकान रिकामं बघून, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. साफ करून हवी होती. चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या दुकानातून गुपचूप नवी कुबडवाली घेतली होती पठ्ठ्याने. शनिवारच्या मंडळींना सांगू नकोस म्हणाला. मी सांगितलं नाही. आज लिहिते आहे, पण त्याला मराठी येत नाही.

आणि एक आपला अनिकेत. पुण्याचा, हॅरिसबर्गला आयटीत. ऑफिसच्या लोकांबरोबर मातीच्या उडत्या चकत्या मारायचा नाद लागला. मला शोधत आला तो लॅपटॉप घेऊनच, त्यात एक्सेल. "काकू, मी सगळे रिव्ह्यूज कम्पेअर केलेत. पण लोक एवढे डिव्हायडेड का आहेत यार?" मी म्हटलं, अरे बाबा, लोक बंदुकीबद्दल बोलतच नाहीयेत, ते आपापल्या वडिलांबद्दल बोलताहेत. तू ती एक्सेल मीट आणि खांद्याला लावून बघ. त्याने लावली, घेतली, अजून खूश आहे. दिवाळीला न चुकता फोन करतो.

आता हार्लनचं सांगायचं, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

हार्लन म्हणजे आमच्या खोऱ्यातला जुना दूधवाला शेतकरी. वय एकोणऐंशी. बायको गेलेली, गाई विकलेल्या, एकटाच राहायचा. एकुलती मुलगी बेथ, टेक्ससला. वडिलांनी तिकडे आपल्या जवळ येऊन राहावं म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती. तिचंही काही चुकत नव्हतं. हार्लनचा थोरला भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्या अंगणात उभा राहून घर कुठंय विचारायचा, ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हार्लन म्हणायचा, माझं डोकं आणि पाय चालताहेत तोवर मी इथून हलणार नाही. चालताहेत हे तो कसं ओळखायचा, तर गीजच्या सीझनवरून. गीज म्हणजे इथले काळ्या मानेचे मोठे रानहंस. हिवाळ्यात कापलेल्या मक्याच्या शेतात उतरतात. तो दर वर्षी एकटा जायचा, एकटा आणायचा.

त्याच्याकडे वडिलांची कुबडवाली होती. मनगटं संधिवाताने धरली, ती आठ पौंडांची बंदूक उचलवेना. मीच त्याला नवी दाखवली. मीच म्हटलं, हार्लन, ही घ्या, माझी खात्री. त्याने कुबडावर अंगठा फिरवला, खांद्याला लावली आणि म्हणाला की ही मला ओळखते. मला इतका आनंद झाला त्या दिवशी, जणू मीच ती बनवली होती.

सीझन सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात तो बंदूक घेऊन परत आला. गीज डोक्यावर आली, चाप ओढला आणि नुसतं टिक. बार नाही. मी बंदूक उघडली, साफ केली, दुकानामागच्या मैदानात पंचवीस काडतुसं उडवली. एकही अडकलं नाही. चिठ्ठी बांधली, तपासली, दोष नाही.

आठ दिवसांनी परत तेच. या वेळी मी त्याला म्हटलं होतं की न उडालेलं काडतूस घेऊन या, तर त्याने ते खिशातून काढून दिलं. काडतुसाच्या बुडाला मधोमध एक गोल टिकली असते. बंदुकीतली पिन तिच्यावर आपटते आणि बार उडतो. पिन आपटली पण काडतूस फुसकं निघालं, तर टिकलीवर खळगा तरी दिसतो. मी भिंगातून पाहिलं. टिकली कोरी करकरीत. मग मी अगदी हुशारीने निष्कर्ष काढला, की याला पिन लागलेलीच नाही, म्हणजे हे नळीत नव्हतंच. खालच्या नळकांड्यात काडतुसं भरली असतील आणि पहिलं वर नळीत चढवायचं हा विसरला असेल. रिकाम्या नळीवर चाप ओढला. टिक होणारच.

हे मी त्याला तोंडावर सांगितलं नाही. पन्नास काडतुसं उडवून पाहिली, एकही चुकलं नाही, आणि पुन्हा तीच चिठ्ठी लिहिली. तो वाचून म्हणाला, मी भरली होती, मॅम. मी म्हटलं, हो हो, असेल. ज्या आवाजात आपण म्हाताऱ्या माणसांना हो हो म्हणतो, त्या आवाजात.

तिसऱ्यांदा बंदूक आली, तपासून तशीच परत गेली, आणि तिच्या मागोमाग बेथचा फोन. वडिलांनी तिला सगळं सांगितलं होतं, चिठ्ठ्यासुद्धा वाचून दाखवल्या होत्या. तिने मला सरळ विचारलं, बंदुकीत खरंच काही नाही? मी म्हटलं, काही नाही, माझी खात्री आहे. ती म्हणाली, "म्हणजे बाबाच विसरतात."

मी गप्प बसले. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. चोवीस वर्षांत मी या टेबलावर केलेल्या चुका मोजायला बसले तर ती पहिली मोजीन. तिने लगेच ठरवलं, मार्चमध्ये वडिलांचं घर विकायला काढायचं.

दोन दिवसांनी हार्लन आला तो दोन्ही बंदुका घेऊन, नवी आणि वडिलांची. काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि डगला म्हणाला, ठेवून घे, कुणाला तरी दे. मी आतून बाहेर आले. तो माझ्याकडे न बघता बोलला, "तुमचं बरोबर असेल, मॅम. मला वाटतं मी भरतो. पण भावालाही वाटायचं की तो घरीच निघालाय."

डगने माझ्याकडे पाहिलं, पण "अंगण" म्हणाला नाही. हार्लनच्या आवाजात भांडण नव्हतं. भांडला असता तर मी भांडले असते, मला ते येतं. तो घाबरला होता. आणि मला एकदम वाटलं की मी बंदूक तीन वेळा तपासली, पण त्याला ती चालवताना एकदाही पाहिलं नाही. वडील म्हणायचे, मशीन बिघडलं की आधी ऑपरेटरच्या शेजारी तासभर उभं राहावं, मग पान्याला हात लावावा. ते मी विसरले होते. मी म्हटलं, हार्लन, उद्या सकाळी मला बरोबर न्या. मी नुसती बसेन. तो नको म्हणत होता. डग म्हणाला, घेऊन जा रे, ती ऐकणाऱ्यातली नाही.

हसाल तुम्ही, पण इतकी वर्षं शिकारीच्या बंदुका दुरुस्त करून मी एकदाही शिकारीला गेले नव्हते. पहाटे मक्याच्या शेतात, बांधाला टेकून केलेल्या एका गवती आडोशात आम्ही दोघं उपड्या बादल्यांवर बसलो. समोर त्याने प्लास्टिकची तीसेक गीज मांडली होती, वरून उडणाऱ्यांना खरी वाटावीत अशी. थंडी अशी की नाक आहे की गेलं कळेना. तिथे मी जे पाहिलं त्याला मी शिस्त म्हणते. हा माणूस खोकला आला तर बाहीत तोंड खुपसून खोकायचा. थर्मासचं झाकण फिरवताना आवाज होऊ नये म्हणून त्याला रुमाल गुंडाळायचा. वडिलांनी शिकवलं होतं, शेतात पाऊल टाकलं की शेत गीजचं, आपण पाहुणे.

उजाडायच्या सुमारास त्याने बंदूक भरली. खाली दोन काडतुसं सरकवली. बोल्ट मागे ओढून तिसरं वर नळीत घातलं, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि मग बोल्टची मूठ तळव्यात धरून, झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा तो बोल्ट हलकेच पुढे नेऊन बंद केला. जराही आवाज नाही. मला ते इतकं सुंदर वाटलं की माझ्या डोक्यात काही पेटलंच नाही. मूर्ख बाई.

गीज आली. आधी आवाज, मग डोंगराच्या बाजूने वाकडीतिकडी रांग. पंख पसरून उतरायला लागली. हार्लन उठला, साठ वर्षांची सवय उठावी तसा एका झटक्यात, बंदूक खांद्याला, आणि टिक.

गीज उधळून गेली. त्याने बंदूक खाली घेतली, माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

"तुम्हीही ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हटलं. "आणि तुम्ही काडतूस नळीत घातलेलं मी पाहिलं."

मी त्याच्या हातून बंदूक घेतली, नळी आभाळाकडे केली, बोल्ट मागे ओढला. नळीतून काडतूस बाहेर पडलं. टिकली कोरी करकरीत. मग मी काडतुसं सगळी काढली आणि दुकानात नेहमी करते तसा बोल्ट मागे ओढून सोडून दिला. खाड्! शेतभर घुमला. पुन्हा मागे ओढला आणि या वेळी हार्लनसारखा तळव्यात धरून हळूच बंद केला, आणि वाकून पाहिलं. बंद दिसत होता. पण नखाएवढी फट होती.

नव्या कुबडवालीत बोल्टचं तोंड पुढे गेलं की शेवटच्या क्षणी गर्रकन फिरतं आणि कुलूप लागतं. फिरायला त्याला जोर लागतो. तो जोर सोडून दिलेल्या स्प्रिंगच्या धडाक्याने मिळतो. हळू नेलं तर तोंड पुढे येतं पण फिरत नाही, कुलूप अर्धवट राहतं, आणि मग चाप ओढला तरी पिन काडतुसापर्यंत पोचत नाही. तपासताना मी दर वेळी बोल्ट सोडून दिला होता, धाडकन. एकदाही सभ्यपणे बंद केला नव्हता. आमच्या दुकानातल्या धसमुसळ्या गिऱ्हाइकांना हा त्रास कधी झालाच नाही. तो झाला तो खोऱ्यातल्या सगळ्यात शिस्तीच्या शिकाऱ्याला, आणि त्याच्या शिस्तीमुळेच झाला.

मी हार्लनला ती फट दाखवली. त्याने चष्मा काढून, पुसून, परत घालून पाहिली. मग हळू आवाजात सांगितलं की लहानपणी बोल्ट आपटला म्हणून वडिलांनी त्याच्या हातावर छडी मारली होती. जुन्या बंदुकीला त्याची हलक्या हाताची पद्धत चालली, साठ वर्षं. मी म्हटलं, पद्धत सोडू नका, फक्त शेवटी अंगठ्याने मूठ एकदा पुढे दाबा, कुलूप लागल्याचं बोटाला कळतं. त्याने केलं. एकदा, दोनदा, दहादा. तेवढ्यात दुसरा थवा आला आणि तो परत उठला.

बार असा वाजला की माझ्या कानठळ्या बसल्या. एक हंस मक्याच्या खुंटांत पडला. आणि नव्या बंदुकीने पुढचं काडतूस आपलं आपण वर घेऊन कुलूप लावून ठेवलं होतं, हातही न लागता. तेवढ्यातही माझं लक्ष तिकडे गेलं, सवय. झकास यंत्र आहे, आजही म्हणेन. आता दुकानात ती विकताना बोल्ट कसा बंद करायचा हे आधी गिऱ्हाइकाकडून करून घेतात, बाकीचं नंतर. तो नियम मी लावला, आणि तेवढ्यावर माझी चूक फिटत नाही हेही मला माहीत आहे.

हार्लन पक्षी आणायला गेला नाही. तिथेच बादलीवर बसून राहिला. मी त्याला म्हटलं, बेथचा नंबर लावून द्या. टेक्ससला अजून पहाटच होती, ती घाबरूनच फोनवर आली. मी सांगितलं, मी शैला, बंदुका दुरुस्त करणारी. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. मग बोल्ट, कुलूप, फट, सगळं सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं देव जाणे.

मग तिने विचारलं, "म्हणजे त्यांनी भरली होती?"

"दर वेळी," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांसमोर भरली. विसरले ते नाहीत, चुकले ती मी."

तिने फोन वडिलांना द्यायला सांगितला. हार्लनने हातमोजा काढला, फोन दोन्ही हातांत धरून कानाला लावला. ती काय म्हणत होती मला ऐकू येत नव्हतं. तो नुसती मान हलवत होता, जणू तिला दिसतंय. शेवटी म्हणाला, "बेथ, मी भरत होतो गं." आणि एवढं बोलून तो एकोणऐंशी वर्षांचा माणूस माझ्यादेखत हुंदके देऊन रडला.